शाळेचा साला कुणी केला?

१

मंगळवारी सकाळी साडेदहाला कार्यालयातला फोन वाजला. पलीकडे एक मुख्याध्यापिका होत्या, आणि आम्ही त्यांच्या शाळेला साला का म्हटलं आहे, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं.

फोन माझ्या टेबलावर असतो, त्यामुळे असली संकटं पहिल्यांदा माझ्याच कानावर पडतात. मी मुद्रितशोधक आहे. कुठलाही मजकूर छापायला जाण्याआधी त्याच्यावर शेवटची नजर माझी. लोक हॉटेलात जाऊन पदार्थ बघतात, मी भिंतीवरच्या फलकातल्या वेलांट्या बघते, आणि म्हणून घरचे माझ्याबरोबर बाहेर जेवायला जायला कंटाळतात. आमचं कार्यालय शुद्धलेखन कोश तयार करतं. अकरा वर्षं काम चाललंय. त्यातली चौसष्ट पानांची नमुना पुस्तिका छापखान्यानं नुकतीच परस्पर दोनशे शाळांना धाडली होती.

बाईंना म्हटलं, काहीतरी गैरसमज होतोय. त्यांनी मुखपृष्ठ वाचून दाखवलं. "सुद्धलेखन कोस. प्राथमिक सालांसाठी." मी माफी मागून फोन ठेवला, तर तो पुन्हा वाजला. दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि त्यांचा आवाज पहिल्या बाईंपेक्षा चढा होता.

अकराच्या सुमारास आमच्या वाट्याचा गठ्ठा आला. संपादकांनी स्वतः दोरी कापली. पुस्तिकेत पाण्याचं पानी झालं होतं, लोण्याचं लोनी, शेळीची सेली आणि टाळीची टाली. 'ऋतू'च्या जागी '७तू' छापलेलं होतं. शेवटच्या पानावर आमचा अभिमानाचा तक्ता होता, डावीकडे अशुद्ध शब्द आणि उजवीकडे त्याचं शुद्ध रूप. डावीकडे लिहिलं होतं 'पानी'. उजवीकडेही लिहिलं होतं 'पानी'.

संपादक खुर्चीत बसले. आयुष्यात त्यांनी दुकानदाराची पाटीसुद्धा चुकीची सहन केली नव्हती. आमचे उपसंपादक मात्र गालात हसत होते. कुठल्याही शब्दाच्या कुठल्याही रूपाला ते 'चालेल' म्हणतात, म्हणून त्यांचं नावच चालेलराव पडलंय. कुणीच काही बोलेना. असल्या शांततेत माझी जीभ वळवळते, आणि मी बोलून गेले, "हे तर आपल्या कोनबाईच बोलतायत की."

कोनबाई म्हणजे आमच्या टाइपिस्ट. ण हे अक्षर त्यांच्या जिभेवर लहानपणापासून कधी बसलंच नाही. फोन उचलला की त्या "कोन बोलतंय?" विचारतात, त्यावरून आम्ही हे नाव ठेवलं. त्या तीन वर्षं हंगामी नोकरीत होत्या आणि याच महिन्यात कायम व्हायच्या होत्या. मी विनोद केला होता, बाकी काही नाही. पण संपादकांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पुस्तिकेकडे, आणि मग कोपऱ्यातल्या कोनबाईंच्या टेबलाकडे.

त्यांनी कोनबाईंना आत बोलावलं. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि मशीनसमोर बसल्या. संपादक आत हातानं एक पत्र लिहायला लागले. या कार्यालयातलं प्रत्येक पत्र टाइप करायला कोनबाईंकडे जातं. हे एक का गेलं नाही, ते आम्हां सगळ्यांना कळलं. ते त्यांनाच कामावरून काढण्याचं होतं.

२

मी सकाळी चष्मा घरी विसरले होते. तो घेऊन बारा वाजता माझा मामा आला.

मामा निवृत्त तारवाला. चौतीस वर्षं तारघरात यंत्रावर बसला, आणि नोकरी सुटल्यापासून कुणाचं काय बिनसलंय ते शोधत फिरतो. चष्मा देऊन जाणं त्याच्या स्वभावात नाही. त्यानं माझा चेहरा पाहिला, पुस्तिका पाहिली, शेवटच्या पानावरचा तक्ता पाहिला आणि इतका खदखदून हसला की संपादक बाहेर आले. मग त्याला कोपऱ्यातल्या कोनबाई दिसल्या आणि त्याचं हसू थांबलं.

"पत्र कधी देणार?" त्यानं संपादकांना विचारलं.

संपादक म्हणाले, पाच वाजता. मामानं तोपर्यंत आम्हां सगळ्यांशी बोलायची परवानगी मागितली. संपादक मामाला मानतात, कारण मामा बोलतानाही ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही असं त्यांचं मत आहे. त्यांनी मान हलवली आणि आपली बाजू मांडली.

त्यांची बाजू ऐकायला हवी, कारण ती भक्कम होती. आमच्या मशीनवरचे टाइप, म्हणजे अक्षरांचे साचे, आमच्याच संगणकवाल्यानं घरी बनवलेले आहेत. या पोऱ्याचं नाव आम्ही खटका ठेवलंय. पोऱ्या म्हणायचं, पण आहे चाळिशीचा. त्यानं एकेका कळीवर दोन-दोन अक्षरं बसवली. न ची कळ नुसती दाबली की न. अंगठ्याखालचं बगलेतलं बटण धरून तीच दाबली की ण. तसंच ल आणि ळ, तसंच स आणि श. ऋ ला जवळचं कुणी नव्हतं, म्हणून तो ७ च्या कळीवर राहायला गेला. आता बगलेचं बटण दाबलं नाही, तर काय होईल? पुस्तिकेत झालंय तेच. जिभेला जे अक्षर माहीत नाही, ते अंगठ्याला कुठून माहीत असणार, असं संपादकांचं म्हणणं.

मी मध्ये पडले. अकरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी, मी कागदावर तपासलं तेव्हा सगळं बरोबर होतं. संपादक म्हणाले, शनिवारी तुमच्या दुरुस्त्या भरायला बाईंनी फाइल उघडली, तेव्हा बिघाड झाला. आणि आज मशीनवर पाहिलं तर फाइल पुन्हा स्वच्छ आहे. मधल्या नऊ दिवसांत कुणीतरी ती गुपचूप सुधारली. सकाळी आठला सगळ्यांच्या आधी कोण येतं?

"आणि छापखान्याला पाठवली कुणी?" मामानं विचारलं.

"मी. रविवारी, एकट्यानं. दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही, एवढं मी छातीठोक सांगतो."

मामानं ते वहीत टिपून घेतलं. टिपताना त्याची एक भुवई वर गेली. ती भुवई मी लहानपणापासून ओळखते, पण तिचा अर्थ मला त्या वेळी लागला नाही.

३

आधी कोनबाई. मामानं त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली आणि एक पान टाइप करून दाखवा म्हणाला. त्यांनी बोटांकडे न बघता पान उतरवलं. मी चष्मा लावून ते तीनदा वाचलं, एकही चूक नव्हती. मग मामा त्यांच्याशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारत बसला. घर कुठे, मुलगी कितवीत. मुलगी शाळेत खो-खो खेळते हे सांगताना त्या जरा खुलल्या.

"बाई, तुम्ही 'शाळा' अगदी स्वच्छ म्हणता," मामा म्हणाला.

"मग कसं म्हननार?" त्या म्हणाल्या.

शेवटी मामानं सरळ विचारलं, हे तुमच्या हातून झालंय का? त्या कळींकडे पाहत 'मला सांगता येत नाही' एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. नाही म्हणायला काय जातं? जो माणूस स्वतःसाठी तोंड उघडत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्यानं किती धडपडायचं?

मग चालेलराव. यांच्याकडे कारण होतं. ण चा हट्ट सोडा, लोक बोलतात तसं छापा, असं ते गेली सहा वर्षं प्रत्येक बैठकीत सांगतायत, आणि संपादक प्रत्येक बैठकीत त्यांना पाणी पाजतायत. मामानं विचारलं तेव्हा त्यांनी लपवालपवी केली नाही. पुस्तिका पाहून आनंद झाला, म्हणाले.

"पण मी केलं असतं, तर डावीकडे पाणी आणि उजवीकडे पानी केलं असतं. दोन्हीकडे सारखंच छापून माझा काय फायदा? आणि '७तू' मला पण चालणार नाही हो. मलाही काही मर्यादा आहेत."

हे पटण्यासारखं होतं. चालेलरावांना एखादी गोष्ट चालत नाही, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

राहिला छापखाना. तो चार तासांवरच्या गावात. मालकीणबाईंना फोन लावला. मजकूर इतका विचित्र दिसत असताना त्यांनी छापला कसा, हे मी जरा तोऱ्यातच विचारलं. त्यांनी मला फैलावर घेतलं. मागच्या खेपेला त्यांनी संपादकांची एक वेलांटी आपल्या मनानं बदलली होती, तर संपादकांनी चार पानी पत्र लिहिलं होतं. तेव्हापासून जे येईल ते डोळे मिटून छापायचं, अशी त्यांच्याकडे भिंतीवर सूचनाच लावलेली आहे. टाइपही खटक्यानं दिलेलेच वापरतात, त्यांच्या बाजूनं कशालाही हात लागला नाही.

फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "एक विचारू का? तुमचे संपादक हल्ली जरा लाडात आलेत का?"

मी म्हटलं, आमचे संपादक? लाडात? या जन्मात तरी शक्य नाही. त्या म्हणाल्या, बरं बरं, पत्राचा सूर तसा वाटला म्हणून विचारलं. मी हे मामाला हसत हसत सांगितलं. मामा हसला नाही. त्यानं माझ्या हातात पुस्तिका ठेवली आणि चौसष्ट पानांत ण किती वेळा आलाय ते मोजायला सांगितलं.

४

मोजायला मला दीड तास लागला. शुक्रवारी तपासलेल्या कागदांवर ण एक हजार नऊशेहून जास्त वेळा होता. छापील पुस्तिकेत तो एकदाही नव्हता. ळ शून्य. श शून्य. ऋ शून्य. मी दोनदा मोजलं, कारण मला शून्यावर विश्वास बसेना.

मामा तो आकडा घेऊन संपादकांच्या खोलीत गेला, मी मागोमाग.

"बाईंच्या जिभेवर ण नाही, कबूल," मामा म्हणाला. "पण ळ आहे, श आहे. मघाशी माझ्यासमोर शाळा म्हणाल्या. तेव्हा हे जिभेचं काम नाही."

"मी जिभेचं म्हणतच नाही. अंगठ्याचं म्हणतोय," संपादक म्हणाले.

"अंगठा विसरतो. दमला की जास्त विसरतो. पण दोन हजार वेळा एकदाही आठवण न होता विसरतो का? इतकं न चुकता चुकणं माणसाला जमत नाही, साहेब. हे यंत्राचं काम आहे."

संपादकांनी पेन खाली ठेवलं. पत्र लिहून झालेलं होतं, सही तेवढी बाकी होती. ते म्हणाले, यंत्राचं काम असेल तर यंत्र ज्यानं बसवलं त्याला विचारा. माझ्याही मनात तेच आलं होतं. टाइप बनवले खटक्यानं, कळी बसवल्या खटक्यानं, आणि ऐन पुस्तिका पाठवायच्या वेळी दोन आठवड्यांच्या रजेवर गेला तोही खटकाच. कोशाच्या पहिल्या पानावर आपल्या टाइपांचं नाव छापा म्हणून तो मागे लागला होता आणि संपादकांनी त्याला वाटेला लावलं होतं.

तो त्याच दिवशी रजेवरून परतणार होता. तीन वाजता आला, उन्हानं भाजून लाल, खांद्यावर पिशवी. मी त्याच्यापुढे पुस्तिका धरली. त्यानं मुखपृष्ठ वाचलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो पिशवीसकट मशीनकडे धावला, पडद्यावर काहीतरी उघडलं, आणि खुर्ची गर्रकन आमच्याकडे फिरवली.

"बांधणी कुणी काढली?" तो म्हणाला.

५

आम्हांला बांधणी म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. खटका समजावायला लागला, पण तो समजावतो तेव्हा समजलेलंही विसरायला होतं. मामानं त्याला थांबवलं आणि चहाचा ट्रे मागवला. चहा आम्ही प्यायलो. मग मामानं आठ रिकामे कप टेबलावर एका ओळीत मांडले.

"मशीन अक्षर ओळखत नाही. त्याला फक्त असे आठ कप कळतात. प्रत्येक कप एक तर उलथा, नाही तर सुलटा. त्या मांडणीवरून अक्षर ठरतं." त्यानं काही कप उलथे केले. "हा समज तुमचा न. आता बाकीचे सात तसेच ठेवून फक्त हा टोकाचा आठवा उलथा केला, की झाला ण. बगलेचं बटण एवढंच करतं. बरोबर का रे?"

खटक्यानं बरोबर म्हणून मान डोलावली. ल आणि ळ, स आणि श, ७ आणि ऋ, सगळ्या जोड्यांत फरक त्या एकाच कपाचा.

"आता टपालाचं ऐका. ईमेल काही इथून उडी मारून छापखान्यात पडत नाही. मध्ये टप्पे असतात, आमच्या तारेला असायचे तसेच. आणि हे टप्पे बांधले त्या लोकांनी, ज्यांची सगळी अक्षरं सात कपांत मावत होती. त्यांच्या लेखी आठवा कप म्हणजे अडगळ. आमच्या तारघरात कागदी पट्टीवर भोकं पाडून अक्षरं पाठवायचे, तिथंसुद्धा आठवं भोक नुसतं तपासणीचं होतं, पुढे पाठवताना आम्ही ते टाकून द्यायचो. मी स्वतः चौतीस वर्षं टाकलंय." आणि त्यानं आठवा कप उचलून खिडकीत ठेवला. "आता सांगा, टेबलावर न आहे की ण?"

कुणालाच सांगता येईना. उरलेले सात कप दोघांचेही सारखेच होते.

एवढं झाल्यावर खटक्याचं बोलणं आम्हांला कळायला लागलं. शहाणी मशीनं पाठवण्याआधी पुढच्या टप्प्याला विचारतात, बाबा रे, आठ कप घेतोस का? तो हो म्हणाला तर तसंच देतात, नाही म्हणाला तर मजकूर बांधून देतात. बांधून म्हणजे सगळी अक्षरं मोडून सात कपांत बसतील अशा साध्या रोमन अक्षरांच्या ओळी करायच्या, आणि पलीकडच्यानं त्या उलगडून पुन्हा मूळ मजकूर काढायचा. आमचं मशीन जुनं, ते विचारतच नाही. म्हणून खटक्यानं बांधणी कायमची चालू करून ठेवली होती. याआधी छापखान्याला धाडलेले कोशाचे तीन भाग तसे बांधूनच गेले आणि सुखरूप पोचले. ही पुस्तिका मात्र उघडीच गेली, आणि वाटेत कुठल्यातरी जुन्या टप्प्यानं प्रत्येक अक्षराचा आठवा कप काढून घेतला.

"म्हणजे फाइल कुणी सुधारली नाही," मी म्हटलं. "ती बिघडलीच नव्हती."

"ती इथं कायम स्वच्छच होती," मामा म्हणाला.

चालेलराव लगेच हात वर करून म्हणाले की त्यांनी त्या मशीनला कधी बोटही लावलेलं नाही. खटका शपथेवर सांगायला लागला की रजेवर जाताना बांधणी चालू होती. सव्वाचार झाले होते. संपादकांच्या टेबलावर ते पत्र अजून पडलेलं होतं, आणि संपादक म्हणत होते की हे कपांचं नाटक ठीक आहे, पण याला पुरावा काय? बटण दाबायचा आळस केला तरी हेच दिसणार. मामा म्हणाला, पुरावा छापखान्यात आहे.

६

या वेळी फोन मामानं लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. मालकीणबाईंना म्हणाला, तुम्हांला जे लाडातलं वाटलं ते पत्र जरा वाचून दाखवता का? आलंय तसंच, अक्षर न बदलता.

मजकुराच्या वरती, त्याच ईमेलमध्ये, संपादकांचं छापखान्याला चार ओळींचं पत्र होतं. छापखान्याशी पत्रव्यवहार ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. रविवारी, रिकाम्या कार्यालयात, त्यांनी ते स्वतःच्या बोटांनी टाइप केलं होतं. हे त्यांनी स्वतःच आम्हांला छातीठोक सांगितलं होतं.

मालकीणबाईंनी घसा साफ केला आणि शाळेतल्या धड्यासारखं वाचलं. "सोबतचा मजकूर कालजीपूर्वक छापावा. एकही अक्षर बदलू नये. विसेष लक्ष न आनि ल यांकडे द्यावे. कलावे."

चालेलरावांनी रुमाल तोंडात कोंबला होता, त्यांचे खांदे हलत होते. संपादकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, मग त्याला कुठला रंग घ्यावा ते कळेना.

"साहेब," मामा म्हणाला, "तुमचा अंगठा आळशी आहे का?"

मामानं आवाज खाली आणला. रविवारी खोलीत तुम्ही एकटे होता, म्हणाला. बांधणी त्या दिवशी सुटली. मी दुसऱ्या कुणाला विचारायचं?

मग संपादकांनी सांगितलं. त्या रविवारी पाठवण्याआधी आधीचे तीन भाग नीट गेले होते का, हे पाहायला त्यांनी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती उघडल्या. तिथं त्यांना आपला कोश दिसला नाही. पानंच्या पानं रोमन अक्षरांचा चिवडा दिसला, ना शेंडा ना बुडखा. अकरा वर्षं जपलेली आपली मराठी परक्या लिपीचे कपडे घालून, तोंड लपवून जाते, हे त्यांच्यानं बघवेना. कुठंतरी एक चौकट होती, तिच्यातली खूण त्यांनी पुसली. पुस्तिका पाठवून तिची प्रत पाहिली तर मजकूर जसाच्या तसा, शुद्ध मराठीत. त्या आनंदात ते घरी पायी चालत गेले होते.

"मला वाटलं, मी तिला अशुद्धातून सोडवलं," ते म्हणाले.

खटका काहीतरी बोलणार होता, मी त्याच्या पायावर पाय दिला. शुद्धतेपायी माणूस काय काय करून बसतो हे मला घरच्या जेवणाच्या टेबलावरून माहीत आहे. मला त्यांची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडी स्वतःचीही आली.

७

संपादकांमध्ये एक गुण आहे. चूक कळली की ते ती दुरुस्त केल्याशिवाय बसत नाहीत. ते उठले, टेबलावरचं पत्र घेतलं, बाहेर कोनबाईंच्या टेबलाशी गेले आणि आम्हां सगळ्यांदेखत ते फाडलं. म्हणाले, चूक माझी होती आणि मी तुमच्यावर ढकलली, मला क्षमा करा. शाळांना शुद्धिपत्र जाईल, त्याच्या पहिल्या ओळीत ही चूक संपादकाची आहे असं छापलं जाईल. चौसष्ट पानी पुस्तिकेचं शुद्धिपत्र चौसष्ट पानी होणार होतं, पण त्या वेळी ते कुणी बोललं नाही. तुमच्या कायम नेमणुकीची शिफारस उद्या सकाळी वर जाईल, असंही ते म्हणाले.

मग त्यांनी विचारलं, "बाई, मी सकाळी आत बोलावलं तेव्हा तुम्ही एकदा तरी नाही का म्हणाला नाहीत?"

कोनबाई उभ्या होत्या. त्यांनी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "सर, मला वाटलं झालं असेल माझ्याकडून. इतकी वर्षं सगळे म्हनतात ना, हिला जमत नाही ते अक्षर. मग वाटलं, बोलन्यात नाही तर बोटांत पन नसेल."

संपादक आत गेले आणि दार लोटून घेतलं.

साडेपाचला सगळे निघाले. मामा आणि खटका जिन्यात कपांवर वाद घालत खाली गेले, चालेलराव त्यांच्यामागे 'न आनि ल, न आनि ल' गुणगुणत गेले. मी मुद्दाम रेंगाळले. कोनबाई मशीनवर कापड घालत होत्या. दिवसभर दाबून ठेवलेलं मला तिथंच टाकून जायचं होतं.

मी म्हटलं, "सकाळी तुमचं नाव पहिल्यांदा मी घेतलं. गंमत म्हणून. संपादकांच्या डोक्यात आलंही नसतं."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मधे भिंत कुठे आहे?"

"माझं चुकलं."

त्यांनी कापडाची सुरकुती हातानं सारखी केली, पर्स खांद्याला लावली आणि दिवा बंद करायला भिंतीशी गेल्या.

"तुम्ही एकदाच घेतलंत," त्या म्हणाल्या. "मी सकाळपासून घेतेय."